मिठाच्या तीन पुड्या

बाई, मी काल रात्री झोपले नाही. अजिबात डोळा लागला नाही. का ते सांगितलं तर तुम्ही हसाल, आणि मग हसू आवरून चष्म्यावरून बघाल, जसं बघायचात तसं. एक गणित अर्धं ठेवलंय मी. एवढंच. बाकी घरात सगळं रोजच्यासारखं आहे. कौलातून ऊन आत आलंय, चुलीवर पेज आहे, दोन्ही पोरं एका गोधडीत पडलीत. सासू लाकडाला गेली. मी दारात बसून लिहितेय. लिहिताना मधेच डोळे मिटतात आणि तुम्ही समोर येऊन बसता, उलट्या घातलेल्या तेलाच्या डब्यावर, पदर कमरेला खोचून, हातावर खडूची पांढरी पावडर. तुम्हाला जाऊन सात वर्षं झाली. हे मला माहीत आहे. पण झोप नसली की माणसाला असं होतं, गेलेलं आणि असलेलं एकाच ओसरीवर बसतं.

तो डबा आश्रमशाळेच्या स्वयंपाकघरातला. तुम्हाला आठवत असेल, वर्गात आम्ही कोणी तोंड उघडत नव्हतो. नववीच्या आम्ही अकरा मुली, घरी आपली डोंगरातली बोली, आणि पुस्तकातली मराठी म्हणजे परक्या घरी जेवायला बसल्यासारखी. पुस्तकात लिहिलेलं असायचं, वडिलांचं वय मुलाच्या वयाच्या तिपटीपेक्षा दोनने जास्त आहे. तुम्ही मला उभं केलं, तुझ्या वडिलांचं वय काय गं. मी म्हणाले, बाई, आमच्या बापाचं वय आमच्या बापाला पण माहीत नाय. सगळ्या हसल्या. मला वाटलं आता छडी. तुम्ही म्हणालात, "माहीत नाही ना? मग तो एक्स. माहीत नाही म्हणूनच तर एक्स. घाबरायचं कशाला, नाव ठेवायचं आणि पुढं जायचं." त्या दिवशी घरी गेल्यासारखं वाटलं मला. जे माहीत नाही त्याला पण नाव ठेवता येतं, हे कोणी सांगितलंच नव्हतं.

दुसऱ्या दिवशी तुम्ही आम्हाला वर्गातून उठवून स्वयंपाकघरात नेलं. डाळ शिजत होती, वाफेत काही दिसत नव्हतं, स्वयंपाकाची मावशी कुरकुरत होती की ह्या पोरी आता माझ्या पायात येणार. आम्ही विहिरीवरून आणलेला हंडा आणि कळशी तुम्ही मधे ठेवली. म्हणालात, मोजायचं नाही, हात लावायचा नाही, नुसतं ऐकायचं. हंडा आणि कळशी मिळून वीस तांबे पाणी मावतं. हंड्यात कळशीपेक्षा आठ तांबे जास्त मावतं. सांगा आता. कोणी म्हणालं दहा-दहा. तुम्ही रागावला नाहीत. तुम्ही म्हणालात, पहिलं वाक्य ऐकलं तर दहा-दहा पण खरं, बारा-आठ पण खरं, एकोणीस-एक पण खरं. एका वाक्यावर माणूस कुठंही उभा राहू शकतो. दुसरं वाक्य आलं की मग एकच जागा उरते. आपल्या पाड्याची वाट आणि नदीची वाट जिथं एकमेकींना कापतात ना, तशी. तिथं जाऊन उभं राहायचं.

मी जाऊन उभी राहिले, बाई. खरंच मला ती वाट दिसली होती वाफेत. एक्स म्हणजे हंडा, वाय म्हणजे कळशी. दोन ओळी एकाखाली एक मांडल्या, मिळवल्या, वाय निघून गेला, दोन एक्स बरोबर अठ्ठावीस. हंडा चौदा तांब्यांचा. मी उठलेच. चौदा, चौदा करत बाहेर पळाले, विहिरीपर्यंत गेले. परत आले तर मावशीने हंडा मोजून ठेवलेला, बरोबर चौदा. मी तुमच्याकडे बघते, की आता शाबास म्हणाल. तुम्ही म्हणालात, "आणि कळशी?" मी परत हंड्याकडेच बोट केलं. तुम्ही परत म्हणालात, "एक सापडला म्हणून पळालीस. दुसऱ्याला कोण शोधणार गं?" आवाज मोठा नव्हता, पण मला रडू आलं. मावशी हसत म्हणाली, "हिची कळशी राहिली बघा विहिरीत." तेव्हापासून पोरी मला तसंच चिडवायच्या. गणित आलं की कोणीतरी मागून म्हणायचं, कळशी आली का गं वर.

आणि खरंच माझी ती खोड होती. पहिला आकडा आला की मला एवढा आनंद व्हायचा की हात थांबायचा. तुम्ही दर वेळी लाल पेनने पुढं लिहायचात, वाय? नुसतं एक प्रश्नचिन्ह. आणि एकदा मी भीत भीत विचारलं होतं, बाई, त्या वायला घालवायचं का म्हणता? घालवायचं म्हणजे आमच्याकडे वाईट शब्द आहे. तुम्ही फळा पुसता पुसता थांबलात. म्हणालात, घालवायचं म्हणजे मारायचं नाही पोरी, थोडा वेळ बाजूला ठेवायचं. मग दोघांना परत पहिल्या वाक्यात नेऊन बसवायचं, बसतात का बघायचं. तो ताळा. ताळा केल्याशिवाय गणित सोडायचं नाही.

दिवाळीच्या सुट्टीला निघताना तुम्ही मला ही वही दिलीत. हीच, जिच्यात आता लिहितेय, हिची मागची पानं कोरी होती. पुढच्या पानांवर तुमच्या हाताने दहा गणितं. मी ती सगळी केली सुट्टीत, खळ्यावर बसून, नागली झोडत होते तिथं. दहाच्या दहा एक्स काढले. वाय एक पण नाही काढला. मुद्दाम, बाई. म्हटलं तुम्ही याल, लाल पेन घ्याल, माझ्यावर चिडाल, तेवढंच माझ्यासाठी दहा वेळा थांबाल. शाळा उघडली त्या दिवशी प्रार्थनेला मोठ्या सरांनी सांगितलं की तुम्हाला कावीळ झाली होती आणि तुम्ही गेलात. आम्ही दोन मिनिटं उभ्या राहिलो. माझ्या दप्तरात ही वही होती. नंतर गणिताला वर्षभर कोणी आलं नाही, मी नापास झाले, घरी आले, आणि पुढच्या उन्हाळ्यात लग्न झालं. मोखाड्याकडची मी इकडे जव्हारकडच्या वांगणीच्या अंगाला आले. वही पेटीत आली माझ्यासोबत. तशीच होती.

आता मला जुळी आहेत, बाई. एक मुलगा, एक मुलगी. सहा महिन्यांची झालीत. पोरांचा बाप दिवाळीनंतर खाडीवर रेती काढायला गेला, तो आता होळीला येईल. जाताना मिठाच्या पाच पुड्या, तेल, काडेपेट्या टाकून गेला, म्हणजे मला बाजाराला जायला नको. आणि बांबूची एक छोटी कावड करून गेला, दोन बाजूंना दोन टोपल्या, दोघांना एकदम नेता यावं म्हणून. पाड्यातले लोक हसले होते, पाण्याची कावड बघितली, पोरांची कावड पहिल्यांदाच. मी त्याच कावडीतून दोघांना अंगणवाडीत नेते, महिन्याचं वजन करायला.

वजन दोघांचं एकत्रच होतं. सासूने पहिल्या दिवशीच ताईंना सांगून ठेवलंय. जुळी एका पोटातून एकदम आली, त्यांना वेगळं तोलायचं नाही, वेगळं तोललं की एक उणं होतं. आमच्याकडे असं पाळतात. आणि सासूचं नुसतं पाळणं नाही, तिला पण जुळे झाले होते, पोरांच्या बापाच्या आधी. कोणीतरी हौसेने दुकानाच्या तराजूत एकेकाला घातलं, आणि पंधरा दिवसांत धाकटा गेला. ती कधी सांगत नाही. जावेने सांगितलं मला. म्हणून मी पण कधी बोलले नाही. ताई बिचाऱ्या चांगल्या आहेत. आंब्याला काटा टांगतात, खाली झोळी, झोळीत दोघं. ह्या महिन्यात काटा अकरावर थांबला. ताई म्हणाल्या, अकरा म्हणजे साडेपाच-साडेपाच. दोन कार्डांवर दोन ठिपके काढले, दोन्ही एकाच जागी. म्हणाल्या, जरा कमी आहेत पण जुळ्यांना एवढं चालतं, पाचाच्या खाली जाऊ देऊ नको हां, ह्या वयाचं लेकरू पाच भरलं नाही तर घरी ठेवायचं नाही, तसंच जव्हारला दवाखान्यात न्यायचं. सासू म्हणाली, बघ, दोघं सारखी.

मी कावड उचलली आणि घरी निघाले. रस्त्यात माझा खांदा दुखायला लागला, मुलाच्या बाजूचा. तो रोजच दुखतो. रोज मी कावड थोडी सरकवून घेते, मुलाची बाजू आखूड, मुलीची लांब. हाताला सवय झालेली, मनाला कधी कळलंच नव्हतं. त्या दिवशी उन्हात चालता चालता मला तुमचा आवाज आला. एका वाक्यावर माणूस कुठंही उभा राहू शकतो. साडेपाच-साडेपाच खरं. सहा-पाच पण खरं. आठ-तीन पण खरं. ताईंनी एकच वाक्य ऐकलंय. दुसरं वाक्य माझ्या खांद्यावर आहे.

मुलगी रडत नाही, बाई. तेच सगळ्यांना आवडतं. शेजारणी म्हणतात काय शहाणी पोर आहे, एवढीशी असून आईला त्रास नाही. मुलगा ओरडतो, लाथा मारतो, पितो तर सोडत नाही. ती दोन घोट पिते आणि झोपते. मी बोटाने गाल हलवते, ती डोळे उघडते, माझ्याकडे बघते, जसं काही लांबून कोणी बघावं, आणि परत मिटते. आधी मला वाटायचं ही स्वप्न बघते, किती छान. हल्ली मला त्या झोपेची भीती वाटते. सासूला सांगितलं तर म्हणाली मुलीची जात बारीकच, माझ्यावर गेलीय.

मग परवा दुपारी सासू जावेकडे गेल्यावर मी कावड आढ्याला बांधली. बरोबर मधोमध, जिथं पोरांच्या बापाने सुरीने खूण केलीय तिथं दोरी, आणि टोपल्या जमिनीपासून वीतभर वर. आधी रिकामी टांगून बघितली, सरळ राहते का. तुम्ही शिकवलं होतं तसं, आधी रिकामं बघायचं. राहिली सरळ. मग दोघांचे कपडे काढून एका टोपलीत मुलगा, एका टोपलीत मुलगी. मुलगा खाली जमिनीला टेकला आणि हसला. मुलगी वर गेली. वर, हलकीच, पाण्यावर पान जातं तशी, आणि तिथं लटकून माझ्याकडे बघत राहिली. मी तिच्या पायाशी मिठाची एक पुडी ठेवली. किलोची पुडी. हलली नाही कावड. दुसरी ठेवली. मुलगा जरासा हलला. मला वाटलं आता पुरे, आता पुरे. तिसरी ठेवली आणि कावड सरळ झाली. दोघं समोरासमोर आली, एका उंचीवर, आणि झुलायला लागली. उन्हाची तिरीप मधून जात होती, त्यात धूळ. किती वेळ झुलत होती कोणास ठाऊक. बाई, तेवढं छान मी काही बघितलं नाही, आणि तेवढं भयंकर पण.

सासू केव्हा दारात आली कळलं नाही. तिने कावड बघितली, मिठाच्या पुड्या बघितल्या. मी पटकन मुलीला उचलून घेतलं तर मुलगा दाणकन खाली टेकला आणि रडायला लागला.

सासू म्हणाली, "तोललंस ना शेवटी."

मी म्हणाले, "तोललं नाय, आई. कावड सरळ केली."

"तेच तोलणं." ती खाली बसली. मुलाला मांडीवर घेऊन थोपटत राहिली. मग म्हणाली, "किती ते मला सांगू नको. माझ्यासमोर आकडा बोलू नको."

काल सबंध दिवस आम्ही दोघी आकडा न बोलता वावरलो. पोरं झोपल्यावर मी पेटीतून वही काढली. तुमच्या दहाव्या गणितानंतर पान उलटून लिहिलं. एक्स अधिक वाय बरोबर अकरा. एक्स वजा वाय बरोबर तीन. मिळवलं. वाय गेला. दोन एक्स बरोबर चौदा. एक्स बरोबर सात. मुलगा सात किलो. किती बरं वाटलं मला, सांगू. माझं लेकरू सात किलोचं. परत चौदा आले होते, तेच चौदा, आणि मी परत विहिरीपर्यंत पळाले, मनातल्या मनात. वही मिटली आणि गोधडीत शिरले. आणि मग डोळे मिटले की मावशीचा आवाज. हिची कळशी राहिली विहिरीत. रात्रभर मी त्या विहिरीत वाकून बघत होते. पाणी नाही, नुसतं काळं, आणि खाली काहीतरी चमकतंय. हात पुरत नाही.

मला भीती कसली वाटते ते तुम्हालाच सांगते. वाय लिहिला की ती वेगळी तोलली. सासूचं खरं निघालं तर? मी शिकलेली, मी वहीत लिहिलं, आणि त्यानेच ती उणी झाली असं झालं तर? लोक बोलतील ते बोलतील, पण मीच मला काय सांगू. आणि लिहिलं नाही तर ती साडेपाचच राहील कार्डावर, भावाच्या सावलीत, शहाण्यासारखी, न रडता. ह्या दोन्हींच्या मधे मी रात्रभर होते.

सकाळी सासू लवकर उठली. कोयता घेतला, दोरी घेतली. दारात थांबून म्हणाली, लांबच्या जंगलात जाते, दुपारपर्यंत काय मी येत नाय. लाकडं तर ढीगभर पडलीत अंगणात. जाताना तिने आढ्याची दोरी सोडून कावड खाली काढून ठेवली, आणि मुलीच्या टोपलीत स्वतःचं जुनं लुगडं घडी करून अंथरलं. माझ्याकडे बघितलं नाही.

तर आता लिहिते, बाई. तुमच्यासमोर लिहिते म्हणजे हात थांबणार नाही. सात अधिक वाय बरोबर अकरा. वाय बरोबर अकरा वजा सात. वाय बरोबर चार.

चार किलो. सहा महिन्यांची.

लिहिलं. ती गोधडीत तशीच आहे, मी आत्ता जाऊन बघितलं. श्वास चालू आहे. आकड्याने काही झालं नाही तिला. आकडा आधीपासून चारच होता, मीच बघत नव्हते. आणि ताळा पण करते, नाहीतर तुम्ही सोडणार नाही. सात आणि चार अकरा. सातातून चार गेले तीन. बसतात दोघं, दोन्ही वाक्यांत बसतात.

ऊन पायरीवर आलं. इथून डांबरीपर्यंत दीड तास चालायचं, तिथं जव्हारची जीप मिळते. दोघांना कावडीत घेते. मुलीच्या टोपलीत मिठाच्या तीन पुड्या तशाच ठेवते, नाहीतर वाटेत कावड वाकेल. दवाखान्यात लोक विचारतील मीठ कशाला आणलं, तर सांगेन. मला तिथं आत जायची भीती वाटते, कागदावर कुठं सही करायची ते कळत नाही, आणि पुढं नाशिकला न्या म्हणाले तर मी एकटी काय करू. पण निघते. ही वही नेत नाही. तुम्हाला पाठवायला पत्ता नाही, आणि तुम्ही असता तरी दिली नसती, कारण पुढची दहा गणितं अजून तशीच आहेत. ती मला येत होती, बाई. सगळी येत होती. तुम्ही विचाराल म्हणून सोडली होती.

वही मिठाच्या जागी ठेवते. सासूला वाचता येत नाही, ती अंगणवाडीच्या ताईंकडे नेईल. ताई, किंवा जो कोणी हे वाचेल, त्याने माझ्या भावाला फोन करा. तो जव्हारला एसटी डेपोत गाड्या धुतो. नंबर वहीच्या पुठ्ठ्यावर आतून लिहिलाय. त्याला सांगा, बहीण निघालीय, सरकारी दवाखान्याच्या दारात येऊन थांब. सांगा, कावड घेऊन येतेय म्हणजे लांबून ओळखशील. आणि पोरांना घेऊन येतेय असं म्हणू नका, तो मुलालाच बघेल. दोघांना घेऊन येतेय म्हणा.